विचारा, सांगते : सातशे किलोमीटरवरून हिरवं मोजताना

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, ‘उपग्रह समुद्रातलं हरितद्रव्य मोजतात.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून ही सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रलेखकांनी पकडलं ते बरोबर पकडलं. नोकरीची निम्मी वर्षं मी जहाजावर समुद्राचं पाणी गाळलं आणि उरलेली निम्मी उपग्रहाचे आकडे त्या पाण्याशी ताडून पाहिले. दुसऱ्या कुणी ते वाक्य लिहिलं असतं तर मीच पहिलं पत्र टाकलं असतं.

प्रश्न : ताई, तुमच्या वाक्यापाशी अडखळलो. वनस्पतिप्लवक म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीव. ते सातशे किलोमीटरवरून दिसणार कसे? आणि त्यांच्या पोटातलं हरितद्रव्य मिलिग्रॅममध्ये सांगायचं म्हणजे जरा जास्तच झालं, नाही का?

उत्तर : जीव दिसत नाहीत आणि मिलिग्रॅमही कुणी मोजत नाही. उपग्रहावरचं उपकरण एवढंच टिपतं, की समुद्राच्या अमुक तुकड्याकडून निळा उजेड किती आला, हिरवा किती, तांबडा किती. हरितद्रव्याचा आकडा हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज चांगला असतो, पण अंदाजच.

तो बांधता येतो, कारण या बाबतीत पाण्याचा आणि हरितद्रव्याचा स्वभाव उलट आहे. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश पिऊन टाकतं आणि निळा विखरून परत पाठवतं, म्हणून भर समुद्र निळा दिसतो. (आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा, हे अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांनी निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावरची आकाशाची चकाकी त्या लोलकाने दबली, तरी निळाई गेली नाही, उलट खुलली.) हरितद्रव्याला नेमका तो निळाच हवा असतो. ४४३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा प्रकाश ते अधाशासारखं खातं आणि ५५५ च्या आसपासच्या हिरव्याला जवळजवळ तोंड लावत नाही. त्यामुळे पाण्यात प्लवक वाढले की परत येणारा निळा उतरतो आणि हिरवा फारसा हलत नाही.

मग त्या दोघांचं गुणोत्तर काढायचं. सीविफ्स नावाच्या उपकरणासाठी जे सूत्र बसवलं होतं, त्यात निळा हिरव्याच्या पाचपट असेल तर हरितद्रव्य दर घनमीटर पाण्यात ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. दुप्पट असेल तर ०.४ च्या वर. दोन्ही सारखेच भरले तर सुमारे २. हे सूत्र कुणी पुस्तकातल्या नियमांवरून मांडलेलं नाही. जगभरच्या जहाजांवरून माणसांनी पाण्याचा रंग मोजला, त्याच जागी बाटली बुडवून हरितद्रव्यही मोजलं, सगळे ठिपके एका आलेखावर टाकले आणि त्यांच्यामधून एक वक्ररेषा काढली. उपग्रहाच्या प्रत्येक आकड्यामागे अशा हजारो बाटल्या उभ्या आहेत. माझ्याही थोड्या असतील.

रंगावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधता येतो, हे उंचावरून करून दाखवलं ते क्लार्क, ईविंग आणि लॉरेन्झन यांनी. १९७० मध्ये छापलेला त्यांचा निबंध विमानातून घेतलेल्या मोजणीवर होता. आठ वर्षांनी, १९७८ च्या ऑक्टोबरात, निम्बस-७ या उपग्रहावरून ‘कोस्टल झोन कलर स्कॅनर’ वर गेला. जमतंय का ते पाहायला म्हणून वर्षभरासाठी पाठवलेलं ते उपकरण १९८६ पर्यंत चाललं.

प्रश्न : समुद्र आणि उपग्रह यांच्यामध्ये अख्खं वातावरण आहे. धूळ, धुकं, बाष्प. त्याचं काय करता?

उत्तर : या सगळ्या विद्येत अवघड काय, असं विचाराल तर हेच. पाण्याचा रंग वाचणं त्यामानाने सोपं आहे.

स्वच्छ दिवशीसुद्धा समुद्रावरून उपग्रहात शिरणाऱ्या उजेडातला नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त भाग पाण्यातून आलेलाच नसतो. तो हवेने वाटेत विखुरलेला, नाहीतर पाण्याच्या वरच्या वर परावर्तित झालेला असतो. आपल्याला हवा आहे तो उरलेला दहावा हिस्सा. माहुतासकट हत्ती तोलायचा, मग हत्तीचं वजन वजा करायचं आणि माहूत किती किलोचा ते सांगायचं, असा हा मामला. आता हिशोब बघा. एकूण उजेड मोजण्यात एक टक्का चूक झाली, तर ती सगळी त्या लहान हिश्श्यावर येऊन पडते आणि तिथे ती दहा टक्के होते.

हवेच्या रेणूंनी विखुरलेला उजेड गणिताने जवळजवळ नेमका काढता येतो. सूर्य कुठे, उपग्रह कुठे, हवेचा दाब किती, एवढं कळलं की झालं. खोडी करतात ते हवेतले कण : समुद्राच्या फवाऱ्याचं मीठ, धूर, वाळवंटाची धूळ. ते आज किती आहेत आणि कसे आहेत हे आधी सांगता येत नाही. त्यावर काढलेली युक्ती मला आजही फार देखणी वाटते. डोळ्यांना न दिसणारा जो जवळचा अवरक्त प्रकाश, ७६५ आणि ८६५ नॅनोमीटरच्या आसपासचा, तो पाणी इतक्या आवडीने गिळतं की त्या उजेडात भर समुद्र काळाठिक्कर दिसायला हवा. तरीही उपग्रहाला तिथे जो काही उजेड दिसतो, तो हवेचाच असणार. म्हणजे तिथे पाणी गप्प बसतं आणि हवा एकटी बोलते. त्या दोन ठिकाणी तिचा आवाज ऐकून घ्यायचा, त्यावरून निळ्यात ती किती बोलत असेल ते ठरवायचं आणि तेवढं वजा करायचं.

भर समुद्रात हे झकास चालतं. नदीच्या मुखाशी फसतं, कारण गढूळ पाण्यातला गाळ तो अवरक्त प्रकाशही परत पाठवतो. ‘पाणी काळं आहे’ हे गृहीतच कोसळतं, गाळाचा उजेड हवेच्या नावावर चढतो आणि निळ्यातून जास्तीची वजाबाकी होते. नवखी असताना मी एका खाडीच्या चित्रात निळ्याचे आकडे पाहिले, तर ते उणे. पाण्यातून शून्याहून कमी उजेड बाहेर येत होता! प्रोग्रॅममध्ये माझीच चूक झाली असणार म्हणून दोन दिवस शोधत बसले होते. चूक माझी नव्हती, चिखलाची होती.

वाळवंटी धुळीचा त्रास वेगळा. ती निळा प्रकाश स्वतःच शोषते, म्हणजे उपग्रहासाठी अगदी हरितद्रव्याचं सोंग. धुळीचं वादळ समुद्रावरून गेलं की नकाशावर तिथे प्लवकांचा बहर आलेला दिसू शकतो, आणि खाली पाणी जसं होतं तसंच असतं.

प्रश्न : पण उपकरणच म्हातारं झालं, त्याची काच धुरकटली, तर ते वर जाऊन कोण बघतं?

उत्तर : चंद्र बघतो. चेष्टा नाही करत. सीविफ्सचा अख्खा उपग्रह महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या आगेमागे, पृथ्वीवरून तोंड फिरवून चंद्राकडे बघत असे. चंद्रावर हवा नाही, ढग नाहीत, झाडं नाहीत. त्याचा पृष्ठभाग माणसाच्या हिशोबाने बदलतच नाही. कला आणि अंतर यांचा हिशोब केल्यावरही चंद्र गेल्या महिन्यापेक्षा मंद दिसला, तर मंद चंद्र झालेला नसतो, उपकरण झालेलं असतं.

दुसरी पारख समुद्रातच होते. हवाईच्या लानाई बेटाजवळ १९९७ पासून ‘मोबी’ नावाचा एक तरंगता खांब नांगरलेला आहे. त्याला तीन खोलींवर हात आहेत आणि ते पाण्याखालचा उजेड मोजतात. तिथलं पाणी स्वच्छ, हवाही स्वच्छ. वरून उपग्रह जातो तेव्हा त्याला काय दिसायला हवं होतं ते मोबीच्या आकड्यांवरून काढतात आणि उपग्रहाचा काटा त्याला जुळवून घेतात. एका खांबावर जगभरच्या समुद्राच्या मोजण्या टेकलेल्या आहेत, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला जरा धडकीच भरली होती.

प्रश्न : तुम्ही जहाजावर ‘पाणी गाळलं’ म्हणता म्हणजे नेमकं काय केलंत? आणि तुमचा आकडा खरा, उपग्रहाचा खोटा, हे कुणी ठरवलं?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाने नेमकं दुखरं बोट धरलंत. आधी पहिल्याचं सांगते.

बाटल्यांचं कडं तारेने पाण्यात सोडतात आणि हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. वर आल्यावर त्यातलं लिटरभर पाणी काचतंतूंच्या गोल गाळणीतून हळू ओढायचं. पंपाचा जोर जास्त झाला तर पेशी फुटतात. गाळणी रुपयाच्या नाण्याएवढी असते आणि भर समुद्रातलं लिटरभर पाणी ओढून झालं तरी तिच्यावर रंग चढल्यासारखाही वाटत नाही. खोलीत जेमतेम हात दिसेल एवढाच उजेड ठेवायचा, कारण हरितद्रव्य उजेडाने मोडतं. गाळणीची घडी करायची, चांदीसारख्या कागदात गुंडाळायची आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची. पुढे प्रयोगशाळेत ती नव्वद टक्के अॅसिटोनमध्ये अंधारात, थंडीत भिजत ठेवायची. मग त्या द्रावावर निळा प्रकाश टाकला की तो तांबडा चमकतो. ती चमक मोजली की हरितद्रव्य किती ते कळतं. गाळणीवर न दिसलेला हिरवा असा तांबडा होऊन समोर येतो, ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवायला जायची विसरले होते.

आता दुखरं बोट. माझ्या पहिल्या सफरीचे आकडे उपग्रहाशी लावून पाहिले तेव्हा उपग्रह सगळीकडे जास्त दाखवत होता. मी आठवडाभर ठणकावून सांगत फिरले की उपग्रहाचं सूत्र या पाण्याला लागू पडत नाही. शेवटी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, “नळ्या भिजत ठेवल्यास त्या रात्री वरची ट्यूबलाइट कोण बंद करणार होतं?” कुणीच केली नव्हती. करायची मी होते. रात्रभर उजेडात माझं हरितद्रव्य मोडत राहिलं आणि सकाळी मी उरलेलं मोजलं. उपग्रह तिथे माझ्यापेक्षा खरा होता.

म्हणून खरा कोण हे बघून ठरत नाही, जुळवून ठरतं. तेही वाटतं तितकं सोपं नाही. माझी बाटली एक लिटरची, सीविफ्सचा एक ठिपका सव्वा चौरस किलोमीटरचा. बाटली त्या ठिपक्यातली कुठली तरी एकच जागा सांगते. वर उपग्रह जाण्याच्या वेळेच्या तीनेक तास आगेमागे घेतलेलं पाणीच सहसा धरतात, आणि नेमके तेव्हा डोक्यावर ढग असतात. सफरच्या सफर अशी गेलेली मी पाहिली आहे, की फळ्यावर पाणी घेतलेल्या ठिकाणांची भली मोठी यादी आणि जुळणीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या.

एवढं करून भर समुद्रासाठी ठेवलेलं उद्दिष्ट होतं ३५ टक्क्यांच्या आत चूक. ऐकून हसू नका. ईस्टर बेटाजवळच्या अतिस्वच्छ पाण्यात घनमीटरला ०.०२ ते ०.०३ मिलिग्रॅम असतं आणि किनाऱ्याजवळच्या बहरात काही दशक मिलिग्रॅम. जी गोष्ट हजारपटीने बदलते, तिच्यात पस्तीस टक्के फार नाहीत.

प्रश्न : नकाशावर जिथे जास्त हिरवं, तिथे प्लवक जास्त, एवढं तरी धरून चालावं का?

उत्तर : बहुतेकदा हो. पण तीन ठिकाणी दमाने घ्या.

किनाऱ्यालगत आणि नदीच्या मुखाशी पाण्यात गाळ असतो, शिवाय कुजलेल्या पानांचा चहासारखा पिवळसर अर्कही. तो अर्कही निळाच खातो. उपग्रहाला वाटतं हरितद्रव्य. मोरेल आणि प्रियर यांनी १९७७ मध्ये समुद्राच्या पाण्याचे दोन वर्ग पाडले : रंग प्लवकांच्याच कलाने ठरतो ते पहिलं, बाकीचेही त्यात हात घालतात ते दुसरं. दुसऱ्या वर्गात निळ्या-हिरव्याचं साधं गुणोत्तर वापरून कुणी ठामपणे आकडा सांगत असेल तर मी तो वाचतही नाही.

खोलीचंही तसंच. उपग्रहाला पोहोचणारा बहुतेक उजेड वरच्या थरातून येतो. नितळ पाण्यात हा थर काही दशक मीटरचा असतो, गढुळात मीटर-दोन मीटरचा. उष्ण कटिबंधातल्या नितळ समुद्रात प्लवकांची सगळ्यात दाट पट्टी बऱ्याचदा शंभर मीटरखाली असते. वर उजेड भरपूर पण खत नाही, खाली खत पण उजेड कमी; दोन्ही थोडंथोडं मिळतं तिथे ते राहतात. उपग्रहाला ती पट्टी दिसतच नाही. त्यासाठी आता आपोआप बुडणारी आणि वर येणारी तरंगयंत्रं आहेत. ती दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीपासून वर येताना वाटेतलं हरितद्रव्य मोजतात आणि पृष्ठभागावरून आकडे उपग्रहाकडे धाडतात.

तिसरी गोष्ट लोकांना सर्वांत कमी माहीत असते. हरितद्रव्य म्हणजे जीव नव्हे. अंधाऱ्या पाण्यातली पेशी जास्त हरितद्रव्य बनवते, कारण तिला मिळेल तो उजेड गोळा करायचा असतो. उन्हात पोहणारी पेशी थोडक्यात भागवते. हिवाळ्यात वरचं पाणी खोलवर घुसळलं गेलं आणि पेशींना सरासरी कमी उजेड मिळू लागला, की पेशी तेवढ्याच राहूनही हिरवं वाढतं.

प्रश्न : उपग्रहाला रात्री दिसतं का? ढग आले तर? (इयत्ता आठवीतल्या मुलीचं पत्र)

उत्तर : रात्री नाही दिसत गं. त्याच्याकडे स्वतःचा दिवा नसतो, सूर्याच्या उजेडावर त्याचं काम चालतं. ढगांतूनही दिसत नाही, आणि कुठल्याही क्षणी पृथ्वीचा साधारण दोन-तृतीयांश भाग ढगाखाली असतो. म्हणून तुला पुस्तकात दिसणारे पूर्ण भरलेले नकाशे एका दिवसाचे नसतात. आठ दिवसांची किंवा महिन्याची चित्रं एकावर एक ठेवून भोकं बुजवलेली असतात.

ढग नसले तरी आणखी एक अडचण : सूर्याची तिरीप पाण्यावरून थेट डोळ्यांत येते तशी उपग्रहाच्याही येते. सीविफ्स त्यासाठी मान २० अंश वाकडी करून बघायचा.

दिवा घेऊन गेलेला एक उपग्रह मात्र होता. कॅलिप्सो. त्याचा हिरवा लेसर ढग आणि धूळ मोजायला बनवला होता, पण त्याची थोडी किरणं पाण्यात शिरून परत येत. त्यातून काही शास्त्रज्ञांनी ध्रुवांजवळच्या लांबलचक रात्रीतले प्लवकही शोधून काढले. असला हावरटपणा मला आवडतो.

प्रश्न : एवढा खटाटोप कशासाठी? सामान्य माणसाला याचा काय उपयोग?

उत्तर : जमिनीवरची झाडं आणि समुद्रातले प्लवक मिळून दरवर्षी सुमारे १०५ अब्ज टन कार्बन आपल्या शरीरात बांधतात. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा प्लवकांचा. आणि त्या सगळ्यांचं वजन जगातल्या वनस्पतींच्या एकूण वजनाच्या शंभरात एक भागही भरत नाही. ते काही दिवस जगतात, खाल्ले जातात, पुन्हा उगवतात. एवढ्या वेगाने बदलणारी गोष्ट ताशी दहा मैल सरकणाऱ्या जहाजांवरून कशी कळावी? समुद्रातली जवळजवळ सगळी अन्नसाखळी यावर उभी आहे. मासेमारीचा संभाव्य पट्टा सांगताना समुद्राच्या तापमानाबरोबर हरितद्रव्याचा नकाशाही वापरतात, तो म्हणूनच.

पण खरं सांगू? मला उपयोगापेक्षा काही चित्रंच लक्षात राहिली आहेत. १९९८ च्या मध्यावर एल निनो ओसरला, पॅसिफिकच्या विषुववृत्तावर वारे पुन्हा वाहू लागले, खालचं खतावलेलं पाणी वर आलं आणि थोड्याच दिवसांत महिनोन्‌महिने ओसाड पडलेला तो पट्टा हिरवा झाला. सीविफ्सला वर जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एल निनो ऐन भरात असतानाच ते डोळे उघडले, हे नशीबच.

दुसरं चित्र १९९९ चं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी लोह विरघळवून ओतलं. तिथे बाकी खत असतं, लोहच नसतं. जहाज काम आटोपून परतलं. पेरणीनंतर सहा आठवड्यांनी ढग जरा फाटले, तर उपग्रहाला कोयत्याच्या पात्यासारखी एक वाकडी हिरवी रेघ दिसली, दीडशे किलोमीटर लांब. प्रवाहांनी ताणलेला तोच बहर, अजून जिवंत. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांनंतर हेच निसर्गाने केलं. धुरातलं लोह वाऱ्याने हजारो किलोमीटर नेलं आणि दक्षिण महासागरात प्रचंड बहर आला.

प्रश्न : ‘समुद्राचा रंग बदलतोय’ अशी बातमी वाचली. खरी आहे का? प्लवक कमी होत आहेत का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला ‘त्यावरून तसं म्हणता येत नाही’.

२०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात मोडिस उपकरणाचे, अॅक्वा उपग्रहावरचे, वीस वर्षांचे आकडे तपासले होते. जगातल्या ५६ टक्के समुद्राचा रंग नैसर्गिक चढउतारांपलीकडे सरकलेला आढळला. उष्ण कटिबंधात विशेष. त्या लेखकांनी केलेली एक गोष्ट मला शहाणपणाची वाटली. त्यांनी हरितद्रव्याच्या आकड्यावर भिस्त ठेवली नाही, मूळ रंगच सगळ्या पट्ट्यांत तपासले. रंग ही मोजणी आहे. हरितद्रव्य म्हणजे तिच्यावर आम्ही केलेलं भाष्य. आकडा दरवर्षी इतका वरखाली होतो की त्यातून हवामानबदलाची दिशा वेगळी काढायला सुमारे चाळीस वर्षांची सलग नोंद लागेल, असं एका जुन्या अभ्यासात दाखवलं होतं.

आणि आपली नोंद सलग कुठे आहे? १९८६ ला पहिलं उपकरण बंद पडलं. १९९६ मध्ये जपानच्या उपग्रहावरून ऑक्ट्स नावाचं उपकरण गेलं, ते १९९७ च्या जूनमध्ये उपग्रहासकट निकामी झालं. खरी अखंड साखळी सुरू झाली ती १९९७ च्या ऑगस्टमध्ये सीविफ्स गेल्यावर. मग भारताचा ओशनसॅट-१, १९९९. मोडिस, मेरिस, ओशनसॅट-२, युरोपचे सेंटिनेल-३, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ओशनसॅट-३. प्रत्येकाचे रंगपट्टे थोडे वेगळे, कक्षेची वेळ वेगळी, म्हातारपण वेगळं. एकाची पट्टी दुसऱ्याला जोडताना सांधा पडतो आणि त्या सांध्यालाच कुणी ‘बदल’ समजू शकतं. मी तरुणपणी समजले होते.

प्रश्न : मग कुठल्या जातीचे प्लवक, हे कधी सांगता येणार?

उत्तर : थोडं आत्ताच येतं. कोकोलिथोफोर या प्लवकांच्या अंगावर चुन्याच्या ताटल्या असतात. त्यांचा बहर आला की समुद्र दूध ओतल्यासारखा फिकट निळा होतो आणि तो साध्या फोटोतही ओळखू येतो. बाकीचे एवढे भले नाहीत. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या शेवटी हिरव्या नॉक्टिलुकाचा बहर येतो. हा मुळात दुसऱ्यांना खाणारा जीव, पण याच्या पोटात हिरवं शेवाळ भाड्याने राहतं, म्हणून उपग्रहाला हाही हिरवाच. त्या जागी डायअॅटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचे प्लवक, असते तर माशांच्या दृष्टीने गोष्टच वेगळी. आकडा मात्र दोन्हींचा सारखा येऊ शकतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत नासाचा ‘पेस’ उपग्रह गेला. आधीची उपकरणं आठ-दहा, फार तर वीस-एक रंग बघत. हा अतिनील ते अवरक्त सगळा पट्टा अडीच-अडीच नॅनोमीटरच्या पावलांनी चालत जातो. प्रत्येक गटाची रंगद्रव्यं थोडी वेगवेगळी असतात, त्यामुळे गट ओळखण्याची आशा आहे. जातीचं नाव विचाराल तर अजून सूक्ष्मदर्शकाकडेच जावं लागेल. सगळी बाटल्यांची फौज पुन्हा समुद्रावर निघाली आहे, कारण नव्या डोळ्याला नवी जुळणी लागते.

प्रश्न : मी आठवड्याला होडीतून जातो. उपग्रह नाही, प्रयोगशाळा नाही. माझ्याकडून काही मोजणी होईल का?

उत्तर : होईल, आणि तुमच्या मोजणीचं घराणं उपग्रहापेक्षा जुनं आहे. १८६५ मध्ये आन्जेलो सेक्की या खगोलशास्त्री पाद्रींनी पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते लिहून ठेवलं. तेवढंच करायचं.

तीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी घ्या. मधोमध दोरी, खाली वजन, दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ. दुपारच्या आसपास, होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. गॉगल काढून ठेवा. दिसेनाशी झाली की गाठ मोजा, मग थोडी आणखी सोडून हळू वर ओढा आणि पुन्हा दिसेल तिथली गाठ मोजा. दोन्हींची सरासरी घ्या. तबकडी अर्ध्या खोलीवर असताना तिच्यावरच्या पाण्याचा रंग कसा दिसतो तेही लिहा : निळा, निळसर हिरवा, हिरवा, पिवळट, तपकिरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोरेल आणि उले यांनी यासाठी एकवीस छटांची पट्टी केली होती. ती नसेल तर दर वेळी तेच पाच शब्द वापरा. तारीख, वेळ, ढग, वारा आणि जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. मोबाइलवर मिळतात. वर्षभराची वही झाली की मला पाठवा. त्या जागेचे उपग्रहाचे आकडे फुकट उपलब्ध असतात, ते शेजारी लावून देईन. गढुळ्या महिन्यांत दोघांचं अजिबात जमणार नाही, तेव्हा वहीत खाडाखोड करू नका.